यंत्र आले म्हणून मी नोकरी सोडावी का?

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

मी ४३ वर्षांची असून डोंबिवलीला राहते. वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. गेली पंधरा वर्षे मरोळमधील एका टीपीए कंपनीत, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने आरोग्य विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या कंपनीत, क्लेम तपासण्याचे काम करते. पगार ३४ हजार आहे. यंदा कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी प्रणाली आणली. रुग्णालयाचे बिल, डिस्चार्ज समरी, केस पेपर हे सगळे ती स्वतः वाचते आणि किती रक्कम मान्य करावी, किती कापावी हेही सुचवते. आम्ही आता तिच्या चुका दुरुस्त करतो. नव्या प्रणालीचे प्रशिक्षण शनिवारी संध्याकाळी सातनंतर ठेवले होते. मला थांबता आले नाही. जे थांबले त्यांतल्या दोघा मुलांना आता क्वालिटीच्या, म्हणजे कामाचा दर्जा तपासणाऱ्या, टीममध्ये घेतले आहे. आमच्या विभागात बहुतेक जणी बायकाच आहेत आणि दिवाळीनंतर निम्मी माणसे कमी करणार अशी कुजबुज आहे. माझे यजमान म्हणतात, "नोकरी जाणारच आहे, तर आत्ताच सोड. मुलीचे दहावीचे वर्ष आहे, आईचे गुडघे दुखतात." त्यांचीही नोकरी खाजगीच आहे, भिवंडीच्या एका गोदामात. घराचे हप्ते अजून चालू आहेत. एका संस्थेने ८५ हजारांचा एआयचा कोर्स हप्त्यांवर देऊ केला आहे, तो करावा का? आणि आम्ही दुरुस्त केलेल्या चुकांवरूनच ते यंत्र शिकते म्हणतात. मग आपल्याच हाताने आपली जागा आपण देऊन टाकतो आहोत का, हा विचार मनातून जात नाही.

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातील प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांपैकी एकाचे उत्तर मात्र मी बाकी कशाचाही विचार करण्यापूर्वी देते, कारण त्यात घाई झाली तर नुकसान भरून निघणार नाही. स्वतःहून राजीनामा देऊ नका.

याचे पहिले कारण निव्वळ पैशाचे आहे. कामाची गरज उरली नाही म्हणून कंपनीने तुम्हाला कमी केले, तर ती कायद्याच्या दृष्टीने कामगार कपात ठरते. अशा वेळी सलग एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी सूचना किंवा तितका पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम आहे. शिवाय या संहितेप्रमाणे कपात झालेल्या कामगारासाठी आणखी १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मालकाने पुनर्कौशल्य निधीत, म्हणजे नवे कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीत, भरायची असते आणि ती कामगाराच्या खात्यावर जमा व्हायची असते. तुमच्या पंधरा वर्षांचा हिशेब केला तर भरपाईच साडेसात महिन्यांच्या वेतनाइतकी होते. वेतनाच्या व्याख्येत कोणते भत्ते धरले जातात त्यावर आकडा कमीजास्त होईल, तरी पूर्ण ३४ हजार धरले तर ही रक्कम अडीच लाखांच्या घरात जाते. स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी दोन्ही परिस्थितींत मिळतात, त्यामुळे "सोडले तरी सगळे पैसे मिळतातच" असा समज घरोघरी असतो; तो अर्धाच खरा आहे. तुमच्या नेमणूकपत्रावर 'एक्झिक्युटिव्ह' लिहिले असले तरी त्याने बिचकू नका. माणूस कामगार आहे की नाही हे पदाच्या नावावरून ठरत नाही, प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावरून ठरते, आणि कागदपत्रे तपासणे हे कारकुनी स्वरूपाचे काम आहे.

आता तुमच्या भीतीविषयी. ती निराधार आहे असे सांगून मी तुमची खोटी समजूत काढणार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२३ साली केलेल्या अभ्यासात सर्व प्रकारच्या व्यवसायांपैकी कारकुनी काम या तंत्रज्ञानाच्या सर्वांत जास्त टप्प्यात येते असे आढळले: त्यातील २४ टक्के कामे अगदी सहज यंत्राकडे जाऊ शकतील अशी, तर आणखी ५८ टक्के मध्यम प्रमाणात जाऊ शकतील अशी होती. याच संघटनेच्या २०२५ च्या अभ्यासानुसार श्रीमंत देशांत सर्वाधिक धोक्याच्या गटात स्त्रियांच्या रोजगारापैकी ९.६ टक्के रोजगार येतो, पुरुषांच्या बाबतीत हे प्रमाण ३.५ टक्के आहे. याचे कारण स्त्रियांच्या बुद्धीत किंवा कुवतीत नाही. कचेऱ्यांत स्त्रियांना ज्या टेबलांवर बसवले गेले ती टेबले नोंदी, छाननी, पत्रव्यवहार आणि टंकलेखनाची होती, आणि नेमके हेच काम भाषा वाचणाऱ्या यंत्राला जमू लागले आहे. भारतात बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया शेतात किंवा घरबसल्या काम करतात, त्यामुळे देशाच्या सरासरीत हा धोका लहान दिसतो. पण सकाळी डोंबिवलीहून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने मरोळ गाठणाऱ्या स्त्रियांच्या गर्दीवर तो एकवटलेला आहे, आणि देशाच्या सरासरीने त्यांना दिलासा मिळत नाही.

तरीही तुमच्या पत्रातील ज्या वाक्यापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले, ते यंत्राविषयीचे नव्हतेच. प्रशिक्षण शनिवारी संध्याकाळी सातनंतर होते, हे ते वाक्य. तुम्ही ते ओझरते लिहिले आहे, जणू त्यात चूक कोणाची असेल तर ती तुमचीच. माझ्या मते तुमच्या नोकरीचा निकाल त्या वेळापत्रकात लागत होता.

मुंबईने हे पूर्वी पाहिले आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत इथल्या कापडगिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक स्त्री होती. वाइंडिंग आणि रीलिंग ही सूत गुंडाळण्याची खाती मुख्यतः बायकांच्या हातांवर चालत. त्यांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या विधिमंडळात बोलले आणि १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभ कायदा झाला. पुढच्या दशकांत त्या खात्यांत वेगवान यंत्रे आली आणि गिरण्या जास्त पाळ्यांत चालू लागल्या. रात्रपाळीला स्त्रियांना ठेवण्यास कायद्याने मनाई होती. घरचे सगळे आवरून ठरल्या वेळी येणाऱ्या बाईपेक्षा कोणत्याही पाळीला हजर होणारा पुरुष मालकांना सोयीचा वाटू लागला, आणि जी खाती बायकांची म्हणून ओळखली जात त्यांतूनच बायका हळूहळू दिसेनाशा झाल्या. १९८२ चा संप झाला तेव्हा गिरण्यांत स्त्री कामगार अगदी थोड्या उरल्या होत्या. तो संप या शहराच्या आठवणीत कोरला गेला आहे. त्याच्या कितीतरी आधी गिरणीबाहेर पडलेल्या या स्त्रियांची तशी आठवण कोणी काढत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. यंत्राला स्त्री-पुरुष कळत नव्हते. त्या यंत्रावर कोणाला उभे करायचे, कोणत्या वेळी, आणि शिकवायचे कोणाला, हे माणसांनी ठरवले.

बँकांचे उदाहरण याच शहरातले आणि तुमच्या कामाला जास्त जवळचे आहे. तिथे १९८३ आणि १९९३ साली कर्मचारी संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन ही बँकांची संस्था यांच्यात यांत्रिकीकरण आणि संगणकीकरणाविषयी करार झाले. खातेवह्या गेल्या, संगणक आले, पण ते वाटाघाटी करून आले, आणि खातेवह्या लिहिणाऱ्या पुष्कळ स्त्रिया त्याच शाखांत संगणकापुढे बसल्या. तिथे सगळे चांगलेच झाले असे मी म्हणत नाही. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. तरी आपल्या कामाचे पुढे काय होणार हे विचारण्याची जागा तिथल्या कर्मचाऱ्यांना होती. तुमच्या कंपनीत संघटना नसावी असे पत्रावरून वाटते. मग ती जागा तुम्हा सहकारी स्त्रियांना एकत्र येऊन तयार करावी लागेल.

त्यासाठी कायद्याचा एक आधार आहे, जो फार थोड्या नोकरदार स्त्रियांना ठाऊक असतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये स्त्री कामगारांशी भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन या बाबतींत भेदभाव करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना हा कायदा लागू होतो. यात 'प्रशिक्षण' हा शब्द आहे, ही तुमच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. शनिवारी संध्याकाळी सात वाजता प्रशिक्षण ठेवणे हा सरळसरळ भेदभाव आहे असे मी म्हणणार नाही. वेळ ठरवणाऱ्याच्या मनातही कदाचित तसे काही नसेल. पण मरोळहून सातनंतर निघालेली बाई डोंबिवलीला किती वाजता पोहोचते आणि त्या वेळी घरात कोणकोण तिची वाट पाहत असते, याचा विचार न करता ठेवलेल्या प्रशिक्षणातून कोण गळणार हे आधीच ठरलेले असते. त्यामुळे तेच प्रशिक्षण कामाच्या वेळेत पुन्हा ठेवावे आणि क्वालिटीच्या जागांसाठी सर्वांचा विचार व्हावा, ही मागणी तुम्ही संकोच न करता करू शकता. ती मेहेरबानीची याचना नाही.

क्वालिटीच्या त्या टीमवर मी इतका भर का देते आहे, ते सांगते. बिलावरचे आकडे वाचणे, खोलीभाड्याची मर्यादा लावून प्रमाणात कपात करणे, पॉलिसीची तारीख आणि वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर काही आजारांचा क्लेम मिळत नाही तो काळ, जुळवणे, हे काम यंत्राकडे जाईल आणि ते परत येईल अशी आशा धरू नये. पण एखाद्याचा क्लेम नाकारायचा झाला तर तिथे यंत्राचे म्हणणे पुरत नाही. विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या २०२४ च्या आरोग्य विम्याविषयीच्या परिपत्रकानुसार कोणताही क्लेम विमा कंपनीच्या समितीच्या मान्यतेशिवाय नाकारता येत नाही, आणि नाकारताना पॉलिसीच्या कोणत्या अटीमुळे नाकारला हे कळवावे लागते. त्याच परिपत्रकाने कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय देण्याचे बंधन घातले आहे. या दोन अटी एकत्र वाचल्या की पुढचे चित्र दिसते: वेग हवा म्हणून यंत्र येणारच, आणि निर्णयाचे कारण लेखी द्यायचे, पुढे तक्रार झाली तर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालापुढे टिकवायचे, म्हणून कागद समजणारी माणसेही लागणारच. ती संख्येने आजच्यापेक्षा कमी असतील, हे मात्र मानून चालावे.

यंत्राने केलेल्या चुकीची जबाबदारी यंत्रावर ढकलता येत नाही, हे इतरत्रही दिसू लागले आहे. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने एका प्रवाशाला नातलगाच्या मृत्यूनिमित्तच्या सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. चॅटबॉटच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही असा पवित्रा कंपनीने घेतला, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील न्यायाधिकरणाने तो फेटाळून प्रवाशाला भरपाई देवविली. स्वीडनच्या क्लार्ना या वित्तकंपनीने त्याच वर्षी आपला चॅटबॉट ७०० ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांइतके काम करतो असे जाहीर केले होते; २०२५ मध्ये तिला ग्राहकांशी बोलायला पुन्हा माणसे घ्यावीशी वाटली. या दोन उदाहरणांवर विसंबून निश्चिंत राहा असे मी सांगत नाही, कारण मधल्या काळात ज्यांची कामे गेली त्यांना कंपनीच्या नंतरच्या शहाणपणाचा फारसा उपयोग झाला नसेल. मला इतकेच दाखवायचे आहे की निर्णयाची जबाबदारी घेणाऱ्या जागा शिल्लक राहतात, आणि त्या जागांकडे सरकण्याची वेळ आत्ताची आहे.

इथेच तुमचा तो बोचणारा प्रश्न येतो: चुका दुरुस्त करून आपण आपलीच जागा देऊन टाकतो आहोत का? त्याचे प्रामाणिक उत्तर असे की काही अंशी, हो. अमेरिकेतील अर्थतज्ज्ञांनी ग्राहकसेवेतील सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांवर केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात यंत्राची मदत मिळाल्यावर काम सरासरी १४ टक्क्यांनी वाढले, नवख्यांचे ३४ टक्क्यांनी वाढले, आणि अनुभवी माणसांचे जवळपास वाढलेच नाही. कारण यंत्र अनुभवी माणसांच्या पद्धती उचलून नवख्यांच्या हाती देत होते. पंधरा वर्षांत तुम्ही जे कमावले ते अशा रीतीने तुमच्या हातून निघून कंपनीच्या मालकीचे होते, आणि त्याचा मोबदला कोणी वेगळा मोजत नाही. हा अन्याय आहे असे मला वाटते आणि त्यावर सार्वजनिक चर्चा व्हायला हवी. पण एकट्या तुम्ही दुरुस्ती करायचे थांबवलेत किंवा मुद्दाम चुकीची केलीत, तर यंत्र थांबणार नाही. तुमच्यावर कारवाईला निमित्त मिळेल, आणि एखाद्या आजारी माणसाचा रास्त क्लेम विनाकारण अडकेल. ते करू नका.

करण्यासारखे आहे ते हे की यंत्र कुठे चुकते याची तुमची स्वतःची नोंद आजपासून ठेवा. तुम्हाला हे काम ठाऊक आहे, तेव्हा उदाहरणे मी द्यायला नकोत, तरी माझ्या डोळ्यांसमोर एक येतेच. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. तिच्या आधार कार्डावर माहेरचे नाव आणि आडनाव असते, पॉलिसी नवऱ्याच्या कंपनीची म्हणून तिथे सासरचे नाव असते, गावातल्या नर्सिंग होमने केस पेपरवर घाईने तिसरेच काही लिहिलेले असते. नावे जुळत नाहीत म्हणून यंत्र तो क्लेम संशयित ठरवू शकते. तुमच्यासारखी बाई एका नजरेत ओळखते की ही एकच मुलगी आहे आणि कोणता एक कागद मागवला म्हणजे प्रश्न सुटेल. हाताने लिहिलेली मराठी बिले, पॅकेजचा दर आणि तपशीलवार बिल यांतील गोंधळ, एकाच आजाराला दोन डॉक्टरांनी दिलेली दोन नावे, अशा चुकांचे प्रकार लिहून ठेवा: चुकीचे स्वरूप काय, ती कशी ओळखली, सुधारल्याने काय टळले. मात्र रुग्णाचे नाव, क्लेम क्रमांक किंवा कोणताही कागद स्वतःकडे ठेवू नका, आणि समजून घेण्यासाठी म्हणूनही मोबाइलवरच्या मोफत चॅटबॉटमध्ये टाकू नका. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण अधिनियम आपल्याकडे झालेला आहे, आणि त्याआधी माणसाच्या आजाराची गोपनीयता ही साधी सभ्यतेची गोष्ट आहे. काही आठवड्यांत तुमच्या हाती जी यादी तयार होईल ती क्वालिटीच्या जागेसाठी तुमचा सर्वांत मोठा आधार ठरेल, कारण शनिवारी थांबलेल्या मुलांना यंत्र चालवता येत असेल, पण ते कुठे फसते हे कळायला कागद पाहण्यात वर्षे गेलेली असावी लागतात.

८५ हजारांचा कोर्स करू नका. हप्त्यांवर घेतलेले ते कर्ज असते, नोकरी गेली तरी हप्ता थांबत नाही, आणि वर घराचा हप्ता आहेच. काही महिन्यांच्या कोर्सने तुम्ही संगणक अभियंत्यांशी स्पर्धा करू शकाल असे सांगणारे लोक भीतीचा धंदा करत आहेत. त्याऐवजी तुमच्या विषयात खोल जा. वांद्रे-कुर्ला संकुलातील भारतीय विमा संस्था, जी १९५५ पासून विमा क्षेत्राच्या परीक्षा घेते, तिची लायसन्शिएट आणि नंतर असोसिएट ही परीक्षा नोकरी करता करता देता येते, विमा क्षेत्रात तिला मान आहे, आणि तिच्यासाठी ८५ हजार मोजण्याचा प्रश्नच येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय, ती कशी शिकते आणि कशी चुकते, एवढे समजण्यासाठी केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावरचा एखादा प्राथमिक अभ्यासक्रम मोफत पाहता येतो. पंचवीस वर्षांपूर्वी एमएस-सीआयटी आली तेव्हा तुमच्या-माझ्या ओळखीतल्या कितीतरी चाळिशीच्या बायका मुलांच्या वयाच्या पोरांबरोबर संगणकाच्या क्लासला बसल्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेकींना माऊस धरण्याचीही भीती वाटत होती. तुम्ही तर रोज त्या प्रणालीच्या चुका काढता आहात.

बाहेरच्या संधीकडेही डोळे उघडे ठेवा. मुंबई-ठाण्याच्या रुग्णालयांत विम्याच्या कागदपत्रांसाठी स्वतंत्र डेस्क असतो, आणि टेबलाच्या पलीकडून क्लेम पाहिलेली व्यक्ती तिथे मोलाची ठरते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांत रुग्णांना मदत करणारे आरोग्यमित्र असतात, ते कामही याच जातीचे आहे. पगार आजच्याइतकाच मिळेल याची खात्री नाही. पण गोंधळलेल्या नातेवाइकांना समोर बसवून कागद समजावण्याचे हे काम यंत्राकडे इतक्या लवकर जाणारे नाही, आणि डोंबिवली-कल्याण पट्ट्यात मिळाले तर रोजचा प्रवास वाचेल.

आता घराविषयी, आणि इथे मी थोडी कठोर बोलले तर राग मानू नका. तुमच्या यजमानांच्या बोलण्यात मला वाईट हेतू दिसत नाही, काळजी दिसते. पण त्यांच्या वाक्याची बांधणी पाहा. नोकरी जाण्याच्या भीतीने सुरुवात होते, आणि शेवट दहावी व गुडघेदुखीवर होतो. दहावी यंदाची आहे, मार्चमध्ये ती संपेल. सासूबाईंच्या गुडघ्यांवर उपचार आहेत. ४३ व्या वर्षी सोडलेली नोकरी मात्र तशीच परत मिळणे अतिशय अवघड असते, आणि ज्या कामाचे स्वरूप दर वर्षी बदलते आहे त्यात दोन वर्षांचा खंड फार महाग पडतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरातले काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देतात असे दिसले. शनिवारी सात वाजता तुम्हाला का थांबता आले नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांच्या फरकात आहे. म्हणून घरात बोलताना नोकरी ठेवावी की सोडावी हा विषय काढू नका. येत्या सहा महिन्यांत आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास कोण पाहील, आईंना डॉक्टरांकडे कोण नेईल, हा विषय काढा, आणि ते लिहून ठरवा.

यजमानांपुढे हिशेबाची आणखी एक बाजू मांडा. भिवंडीच्या गोदामांतही यंत्रे येत आहेत, आणि त्यांची नोकरी तुमच्यापेक्षा सुरक्षित आहे असे समजायला काही आधार नाही. घराचा हप्ता चालू असताना दोन पगारांपैकी एक आपल्या हाताने बंद करणे म्हणजे दुसऱ्यावर सगळा भार टाकणे होय, आणि तो भार त्यांच्यावर पडणार आहे. ही गोष्ट तक्रारीच्या सुरात न सांगता त्यांच्या काळजीपोटी सांगितलीत तर ते ऐकतील असे मला वाटते.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते, जरी तुम्ही ती विचारलेली नाही. घरोघरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचे काम कोणतेही यंत्र घेणार नाही, असे तज्ज्ञ सांगतात आणि ते खरेही आहे. पण डोंबिवलीतल्या नोकरदार बायका घरी बसल्या तर त्या मावशी, पाळणाघर चालवणारी बाई आणि डबे करून देणारी बाई या सगळ्यांची कामे आपोआप कमी होतात, आणि कोणत्याही पाहणीत त्याची नोंद यंत्रामुळे गेलेली नोकरी म्हणून होणार नाही. गिरण्या बंद पडल्या तेव्हा गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांचे हेच झाले. त्या निदान संघटित होऊ लागल्या होत्या; प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते. तुमचा पगार किती घरांना पुरतो हे मोजताना या बायकांनाही धरा.

कुजबूज खरी ठरून एचआरने तुम्हाला बोलावले, तर समोर ठेवलेल्या कोणत्याही कागदावर त्याच बैठकीत सही करू नका, विशेषतः तो तुमच्या नावाने टाइप केलेला राजीनामा असेल तर. "घरी वाचून उद्या देते" म्हणणे हा तुमचा अधिकार आहे. नेमणूकपत्र, सगळ्या पगारपत्रकांच्या प्रती, पगारवाढीची पत्रे आणि पीएफचा यूएएन क्रमांक आत्ताच घरी एका फाइलमध्ये लावून ठेवा. दबाव आला तर वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे. तिथे जाण्याआधी एखाद्या कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याचा किंवा कामगार कायद्याच्या वकिलाचा सल्ला घ्या.

परंतु ती वेळ येईपर्यंत थांबू नका. या आठवड्यातच तुमच्या विभागातील जितक्या जणी तयार होतील तितक्यांच्या सह्यांचा एक छोटा अर्ज एचआरला ईमेलने पाठवा. एकटीने पाठवला तर तो तुमच्या स्वभावाचा प्रश्न समजला जाईल. भाषा सौम्य ठेवा, आरोप करू नका, आणि उत्तरासाठी तारीख मागा. मजकूर इतका पुरे आहे:

"आम्ही क्लेम विभागातील कर्मचारी नव्या प्रणालीवर काम करण्यास उत्सुक आहोत. तिचे प्रशिक्षण शनिवारी संध्याकाळी सातनंतर झाल्याने आमच्यापैकी अनेकींना त्याला उपस्थित राहता आले नाही. हे प्रशिक्षण कार्यालयीन वेळेत पुन्हा आयोजित करावे, ही विनंती. तसेच क्वालिटी टीममधील जागा कोणत्या निकषांवर भरल्या जातात ते सर्वांना कळवावे आणि पुढील जागांसाठी विभागातील सर्वांना अर्ज करण्याची संधी द्यावी. प्रणालीच्या चुकांच्या प्रकारांची एक यादी आम्ही तयार करत असून ती सादर करण्यासाठी वेळ मिळावा. कृपया पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे."